सोर्सवरून सी प्रीप्रोसेसर बिल्ड करा, आणि मग नीट तपासा

सी चा प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाईल होण्याआधी कोडमधल्या # च्या ओळी वाचून मॅक्रो (ठरवून दिलेली नावं) त्यांच्या जागी येणाऱ्या मजकुरात उलगडणारा प्रोग्रॅम, सोर्सवरून बिल्ड करणं हे फार मोठं काम नाहीये, खरा वेळ जातो तो बरोबर चालतोय का हे बघण्यात, आणि नेमकी तिथेच घाई होते. एक छोटा प्रोग्रॅम कंपाईल झाला की लोक धरून चालतात की झालं. तसं धरू नका, कारण प्रीप्रोसेसर चुकला तरी कंपायलर बरेचदा काहीच बोलत नाही, प्रोग्रॅम बनतो आणि उत्तर चुकीचं देतो.

मी इथे एमसीपीपी हा प्रीप्रोसेसर धरून सांगतोय. मार्टिन मिनो यांच्या डेकस सीपीपी या जुन्या प्रीप्रोसेसरवरून सुरुवात करून जपानच्या किओशी मात्सुई यांनी तो वाढवला, 2.7.2 ही आवृत्ती 2008 ची. जुना आहे, पण त्याच्यासोबत टेस्टचा एक मोठा संच येतो आणि तो संच दुसऱ्या कुठल्याही प्रीप्रोसेसरवर चालवता येतो, मला तर त्यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. (खाली कमांड आणि कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलमध्ये टाइप करताना रोमनमध्येच करा.)

बिल्ड आधी उरकूया. सोर्स उघडा, बिल्डसाठी वेगळा फोल्डर करा, तिथून कॉन्फिगर चालवा आणि प्रीफिक्स म्हणून होममधलाच एखादा फोल्डर द्या. मग मेक, मग मेक इन्स्टॉल. काही पर्याय दिला नाही तर तो स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून बनतो, आपल्याला तेच हवंय. इनेबल-रिप्लेस-सीपीपी हा पर्याय पहिल्याच दिवशी लावू नका, तो सिस्टिममधल्या कंपायलरचा प्रीप्रोसेसर बदलायला जातो.

इथे एक अडचण येऊ शकते. जीसीसी या कंपायलरच्या 15 व्या आवृत्तीपासून डिफॉल्ट स्टँडर्ड सी23 च्या वळणाचं झालंय, त्यात फंक्शनचा रिकामा कंस म्हणजे आर्ग्युमेंट नाहीतच असा अर्थ होतो, त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेला सोर्स धडाधड एरर देतो. सोर्सला हात लावायची गरज नाही, सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांत) जीएनयू17 किंवा आणखी जुनं जीएनयू89 स्टँडर्ड द्या आणि परत कॉन्फिगर करा.

आणि एक बिल्ड करून थांबू नका, दुसरा बिल्ड ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून करा. प्रीप्रोसेसर म्हणजे सगळा बफर आणि पॉइंटरचा खेळ, एखादी लांबलचक ओळ किंवा शेवटी नवी ओळ नसलेली फाईल दिली की साधा बिल्ड गप्प राहतो आणि सॅनिटायझर मात्र नेमकी जागा दाखवतो. फक्त लीकची तपासणी बंद ठेवा, असे प्रोग्रॅम शेवटी मेमरी मोकळी करायच्या फंदात पडत नाहीत आणि मग एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) उगाच बिघडतो.

आता टेस्टिंग. मोठा संच चालवायच्या आधी चार-पाच फाईली हाताने लिहा, कारण काय अपेक्षित आहे ते आपल्याला कळलं नाही तर संचाचा निकाल वाचूनही उपयोग नाही. पहिली ही:

#डिफाइन उणे -
-उणे

उत्तरात दोन उणे चिन्हांच्या मध्ये जागा हवी, म्हणजे - - असं. जागा न सोडता -- आलं तर कंपायलर ते एकने कमी करण्याचं चिन्ह समजेल आणि अर्थच बदलेल. दुसरी:

#डिफाइन एफ(क) एफ(क + 1)
एफ(एफ(2))

याचं बरोबर उत्तर एफ(एफ(2 + 1) + 1). आर्ग्युमेंट आधी उलगडतं, पण मॅक्रोच्या स्वतःच्या उलगड्यात आलेलं त्याचं नाव परत उलगडायचं नसतं. इथे प्रोग्रॅम अडकून बसला किंवा जास्तीचे +1 आले तर मॅक्रोचा गाभाच चुकलाय, पुढच्या टेस्ट करण्यात अर्थ नाही. तिसरी:

#डिफाइन मजकूर(क) #क
#डिफाइन उलगड(क) मजकूर(क)
#डिफाइन आवृत्ती 12

मजकूर(आवृत्ती) ने "आवृत्ती" दिलं पाहिजे आणि उलगड(आवृत्ती) ने "12". # च्या पुढचं आर्ग्युमेंट उलगडत नाही, म्हणून मध्ये एक मॅक्रो घालावा लागतो.

मग हॅश इफमध्ये -1 > 0यू तपासा, हे खरं निघालं पाहिजे, कारण अनसाइन्डशी (ज्यात उणे आकडे नसतात त्या प्रकाराशी) तुलना झाली की -1 प्रचंड मोठा आकडा होतो. दोन शब्दांच्या मध्ये कॉमेंट टाकून बघा, तिथे एक जागा उरली पाहिजे, फार जुने प्रीप्रोसेसर दोन्ही शब्द चिकटवायचे.

चुकीच्या फाईलीही द्या. एंडिफ नसलेला इफ, कंस बंद न केलेला मॅक्रो कॉल, ## (दोन तुकडे जोडणारं चिन्ह) ने सुरू होणारी व्याख्या. मेसेज तर यायलाच हवा, पण एक्झिट कोडसुद्धा शून्य नको, नाहीतर मेक आरामात पुढे जाईल.

यानंतर खरा कोड घ्या. एखाद्या प्रोजेक्टच्या फाईली आपल्या प्रीप्रोसेसरमधून काढा, आउटपुटला .आय एक्स्टेन्शन द्या आणि जीसीसीला कंपाईल करायला सांगा, .आय फाईल तो परत प्रीप्रोसेस करत नाही. सिस्टिमचे हेडर मात्र जीसीसीचे आतले मॅक्रो गृहीत धरतात, ते रिकाम्या फाईलवर जीसीसी -ई -डीएम चालवून मिळतात, आणि इन्क्लूडचे रस्ते -ई -व्ही ने. जुना प्रीप्रोसेसर अंडरस्कोरवालं हॅज-इन्क्लूड (एखादी हेडर फाईल आहे का हे तपासणारं) ओळखत नसेल तर तिथे अडेल, तो आपल्या बिल्डचा दोष नाही, ते सी23 मध्ये स्टँडर्ड झालं.

जीसीसीच्या आउटपुटशी तुलना करताना दोन्हीकडे -पी द्या म्हणजे ओळींच्या खुणा जातात, आणि डिफला (दोन फाईलींमधला फरक दाखवणाऱ्या कमांडला) -डब्ल्यू अजिबात देऊ नका. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या आहेत. सगळ्या फाईली सारख्या दिसत होत्या आणि प्रोग्रॅम चुकत होता, कारण -डब्ल्यू सगळ्या जागा काढून टाकतो, म्हणजे त्याच्या लेखी - - आणि -- एकच. -बी वापरा, तो जागा कमी-जास्त असली तर सोडून देतो पण जागा आहे की नाहीच हा फरक दाखवतो. कंसाच्या आजूबाजूचे काही निरुपद्रवी फरकही त्यात येतील, ते एकेक करून डोळ्याने बघावे लागतात, मी तर कागदावर टिक करत जातो आणि उरलेल्या प्रत्येक फरकाची वर दिल्यासारखी दोन-तीन ओळींची छोटी फाईल करून टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकतो.