सोसायटीची होळी: धूर कमी करायचा तर कशी रचायची

धूर म्हणजे नीट न जळालेलं लाकूड. होळी ढणढण पेटून तास-दीड तासात निखाऱ्यांवर आली तर धूर बेताचा राहतो. ओली लाकडं, खाली दडपलेला पालापाचोळा आणि पहाटेपर्यंत धुमसणारा ढीग, एवढं एकत्र आलं की अख्ख्या गल्लीचे डोळे चुरचुरतात. पुण्यात अडचण आणखी वाढते, कारण शहर टेकड्यांच्या वाटीत आहे. फाल्गुनात आकाश निरभ्र असतं, रात्री जमीन लवकर गार पडते, वारा मंदावतो आणि गार हवेचा थर धुराला खालीच दाबून धरतो. म्हणून होळी सूर्यास्तानंतर लगेच पेटवलेली बरी. मुहूर्त रात्री उशिराचा असेल तर ती आणखी लहान करा.

पहिलं काम लाकडाचं नाही, बैठकीचं: दर विंगची वेगळी होळी न करता सगळ्या सोसायटीची एकच. तीन फूट रुंद, तीन फूट उंच आणि तीस-चाळीस किलो सुकं लाकूड पुरे. याहून मोठी केली तर वर्गणी जास्त लागते आणि पुण्य तेवढंच मिळतं.

लाकूड वखारीतून घ्या आणि घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. सुकं लाकूड ठणठण वाजतं, ओलं भद्द वाजतं. सुक्याच्या कापलेल्या टोकाला भेगा असतात, साल सहज सुटते. नुकतं तोडलेलं लाकूड निम्मं पाणीच असतं. ते पाणी उकळण्यातच उष्णता जाते आणि लाकूड जळायच्या ऐवजी धुपत राहतं. आवारातलं झाड होळीसाठी तोडण्याचा विचारही नको. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याने ते विनापरवाना तोडणं गुन्हा आहे, शिवाय ते पेटणारही नाही.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येणाऱ्या पॅकिंगच्या फळ्या स्वस्त आणि चांगल्या सुकलेल्या असतात, पण त्यांवरचा शिक्का बघा. एचटी (HT) म्हणजे फक्त उष्णता दिलेलं लाकूड, ते चालतं. एमबी (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेलं, ते होळीत नको. रंगवलेली चौकट, प्लायवूड, सनमायका, जुनं कपाट हेही बाजूला काढा. त्यातल्या डिंकातून आणि रंगातून विषारी वायू निघतात. टायर, प्लास्टिक, थर्माकोल टाकणं म्हणजे कचरा जाळणंच. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानुसार त्याला पाच हजार, मोठ्या प्रमाणात असेल तर पंचवीस हजार रुपये भरपाई पडते. नैवेद्याची पुरणपोळी पानावर ठेवा. चंदेरी मुलामा दिलेले द्रोण आगीत जाऊ देऊ नका.

गोवऱ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. त्यांनी झाड वाचतं, हे खरं. धूर वाचत नाही. गोवरी लाकडापेक्षा जास्त धुरकटते. परंपरा म्हणून पाच गोवऱ्या ठेवा आणि ज्वाळा उंच झाल्यावरच टाका.

आता रचणं. जागा इमारतीपासून निदान तीस फूट लांब हवी. वर झाडाची फांदी किंवा वीजतार नको, जवळ गाड्या किंवा गॅसचा पाइप नको. पेव्हर ब्लॉकवर थेट पेटवली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ब्लॉक तडकतो, तुकडे उडतात. आधी सहा इंच कोरड्या मातीचा थर, त्यावर विटा चार इंच सोडून मांडा, म्हणजे खालून हवा खेळेल. मधे अंगठ्याएवढी जाड एरंडाची फांदी उभी करा. तिच्याभोवती मनगटाएवढी लाकडं दोन उभी, दोन आडवी अशी चौकट करत रचा, प्रत्येक दोन लाकडांत बोटभर फट ठेवा. काटक्या आणि ढलप्या तळाला कोंबायच्या नाहीत, वरच्या थरात ठेवायच्या आणि कापूर-तूप लावून तिथूनच पेटवायचं. आग वरून खाली उतरली की खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो. रॉकेल, पेट्रोल अजिबात नको. भडका अंगावर येतो. दोन बादल्या पाणी आणि घमेलंभर वाळू हाताशी असू द्या.

दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बायका, तान्ही बाळं आणि वृद्ध यांनी वारा जिकडून येतो त्या बाजूने दर्शन घ्यावं आणि घरी जावं. ओला रुमाल नाकाला लावून उपयोग नाही, धुरातला अडीच मायक्रॉनचा बारीक कण त्यातून सहज जातो. एन९५ मास्क नीट घट्ट बसवला तर कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र नाही. दम्याचा रोजचा पंप त्या दिवशी चुकवू नका, तातडीचा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) जवळ ठेवा. पंप घेऊनही वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. पुण्याच्या हवेचा अंदाज पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ सेवेवर मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरचा हवेचा निर्देशांक बहुतांशी चोवीस तासांची सरासरी असते, त्यामुळे आठ वाजता दारात आलेला लोट त्यात दिसत नाही. नाकावर विश्वास ठेवा. खिडक्या संध्याकाळी साडेसहालाच बंद करा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्टही बंद, तो घरातली हवा बाहेर टाकून फटींतून धूर आत ओढतो.

रात्री साडेदहाच्या सुमारास होळी संपवा. सगळ्यात वाईट धूर धुमसण्याचा असतो. निखारे फावड्याने पसरा, पाणी शिंपडा, उलटवा, पुन्हा शिंपडा. धुळवडीच्या आंघोळीचं पाणी होळीवर तापवायची रीत असेल तर घमेल्यात थोडे निखारे वेगळे काढा, पण ते अंगणातच. बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्यांचा वायू वास न येता जीव घेतो. सकाळच्या तळजाई किंवा पर्वतीच्या फेरीला त्या दिवशी सुट्टी द्या, नाहीतर नऊनंतर जा.

राख स्वच्छ लाकडाची असेल तर कंपोस्टमध्ये मूठभर चालते. पुण्याची काळी माती आधीच अल्कधर्मी आणि राखही तशीच, तेव्हा कुंडीत थेट ओतू नका. पॅकिंगच्या फळ्या वापरल्या असतील तर राखेतून लोहचुंबक फिरवा. खिळे तिथेच राहतात आणि धुळवडीला पोरं अनवाणी असतात.