कुंडीतल्या पपनसावर राणी पाकोळी वाढवताना

राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉर्मन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. पंखांचा पसारा १२ ते १५ सेंटिमीटर, काळ्यावर फिकट निळी झाक. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाजवळच्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात आणि त्यानंतर ती गॅलरीतल्या जास्वंदीवर मधासाठी येते. अंडी मात्र लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच घालते. रानात माकडलिंबू, घरी पपनस किंवा लिंबू.

१४ इंची कुंडीत पपनसाचं रोप लावा, किमान चार तास ऊन हवं. नर्सरीतल्या रोपावर बहुतेकदा कीटकनाशक मारलेलं असतं. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत मुरतं, ते धुऊन जात नाही आणि असं पान खाल्लेली अळी तडफडून मरते. म्हणून दोन-तीन महिने रोप झाकून ठेवा आणि नवी पालवी येऊ द्या. नीमअर्कही मारू नका.

मादी पानावर एकेक अंडं घालते. लहान, गोल, ताजं असताना हिरवट, नंतर नारिंगीकडे झुकणारं. पाचेक दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी अंड्याचं कवच खाते. सुरुवातीला ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखीच दिसते, पुसून टाकू नका! चार वेळा कात टाकली की हिरवी होते, खांद्यावर खोटे डोळे येतात. डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुशाखी अवयव बाहेर काढते. त्याच्या उग्र वासाने मुंग्या दूर राहतात. गॅलरीतल्या लिंबावर बहुतेकदा लाइम किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या अळ्या सापडतात, त्यांचीही अशीच काळजी घ्या.

खरा शत्रू बारीक गांधीलमाशी. काही अंड्यात अंडी घालतात, काही कोवळ्या कोशात. मच्छरदाणीच्या भोकांतून त्या सहज आत जातात, म्हणून फांदीला जुन्या, बारीक विणीच्या नायलॉन ओढणीची पिशवी बांधा. अळी हवाबंद डब्यात ठेवू नका. इथल्या दमट हवेत डब्यात पाणी सुटतं, लेंड्यांवर बुरशी येते आणि अळी काळी, लिबलिबीत होऊन मरते. अशी अळी ताबडतोब वेगळी काढा, हात साबणाने धुवा. डासांसाठी धूरफवारणी होणार असेल त्या दिवशी कुंडी आत घ्या.

शेवटच्या टप्प्यातली अळी रोज कित्येक पानं फस्त करते, एका लहान रोपावर दोनच अळ्या ठेवा. अन्न कमी पडल्यास त्याच जातीचं झाड आणा, मध्येच दुसऱ्या जातीचं पान दिलं तर ती बहुतेकदा खात नाही. पातळ विष्ठा टाकून ती इकडेतिकडे फिरू लागली की पिशवीत एक खडबडीत काडी उभी ठेवा. शेपटीकडून चिकटून, कमरेला रेशमाचा दोर बांधून ती कोश करते. कोश हिरवा किंवा राखाडी-तपकिरी होतो, आजूबाजूच्या रंगाशी जुळता. त्याला हात लावू नका. दोर तुटून पडलाच, तर कापडाला टेकवून तिरपा ठेवा. बाहेर आलेल्या फुलपाखराला चढून लटकायला जागा लागते, नाहीतर पंख चुरगळलेलेच सुकतात.

साधारण दोन आठवड्यांनी कोश गडद होतो, आतले पंख दिसू लागतात आणि बहुधा सकाळी फुलपाखरू निघतं. तेव्हा गळणारा रंगीत थेंब रक्त नव्हे, साठलेला मळ असतो. पंख सुकायला दोनेक तास द्या. बाहेर पाऊस कोसळत असेल तर पिशवीतच जास्वंदीचं फूल ठेवा आणि उघडीप मिळताच तोंड सोडा.