ग्रामीण कला केंद्राचे कार्यक्रम आखताय? मग या चुका टाळा

दरवर्षी आमच्या केंद्रात एक-दोन नवे समन्वयक येतात. शिकलेले असतात, उत्साही असतात, लॅपटॉपमध्ये वर्षभराचं रंगीत वेळापत्रक तयार करूनच येतात. दिवाळी झाली की त्यातल्या बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, "ताई, पोरं येतच नाहीत. या गावांना कलेत रसच नाही का?"

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री मैदानात पाय ठेवायला जागा नसते. पहाटेपर्यंत नाटक बघून लोक तसेच वावरात जातात. अशा गावांबद्दल हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या पुढे आमचं केंद्र आहे आणि मी बारा वर्षं तिथे कार्यक्रम लावते आहे. रस नसल्यामुळे रिकामं गेलेलं शिबिर मी अजून पाहिलेलं नाही. चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला विचारून लावल्यामुळे रिकामी गेलेली शिबिरं मात्र भरपूर पाहिलीत, आणि पहिली दोन माझीच होती.

खुर्चीत बसून केलेलं वेळापत्रक

माझ्या पहिल्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांचं चित्र आणि कागदकामाचं शिबिर ठेवलं. हिशोब सरळ वाटला होता. शाळा बंद म्हणजे मुलं मोकळी. तीन गावांतून चाळीस नावं आली, सकाळी अकराची वेळ दिली, रंग आणले, खळ शिजवली. पहिल्या दिवशी सात मुलं आली आणि सातही केंद्राच्याच गावची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. एसटी आलीच नाही. पानठेल्यावरचे भाऊ म्हणाले, "ते शाळेची फेरी होय न ताई. शाळा बंद तं गाडी बंद." हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. मी एकालाही विचारलं नव्हतं.

गाडी हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं चालत पुढच्या गावाला जाताना दिसलं. सोयाबीन निघाला होता आणि कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली आणि माझ्या यादीतली सहावीतली मुलगी तिच्यात भावाला झोके देत बसलेली. आई पराटीच्या ओळीत होती. वेचाई किलोवर मिळते, त्यामुळे आईचे दोन्ही हात मोकळे राहणं हाच त्या घराचा त्या महिन्याचा हिशोब. मुलीने ओढणीच्या गाठीतून शिबिराची चिठ्ठी काढून दाखवली. घडी घालून जपून ठेवली होती. म्हणाली, "ताई, सकाळी नाही जमत का? दव सुकल्यावरच येतो आम्ही वावरात."

ओला कापूस वेचला तर पिवळा पडतो, भाव पडतो. म्हणून दव उतरेपर्यंत, साधारण नऊपर्यंत, वेचणी सुरू होत नाही. सकाळी सात ते नऊ ही वेळ त्या मुलांकडे होती आणि मी अकरा छापले होते. उरलेले तीन दिवस मी सामान उचललं आणि त्यांच्याच गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात सातला बसले. मुलं आली. काही जणांच्या कडेवर धाकटी भावंडं होती. त्यांनाही एकेक खडू दिला.

तेव्हापासून माझ्याकडे एक जाड वही आहे. प्रत्येक गावाला एक पान. बाजाराचा वार, शाळेची गाडी कोणती आणि बारमाही गाडी कोणती, शेवटची एसटी, कोणत्या पंधरवड्यात वावरात काय चालतं, एवढंच लिहिते. सरपंचांना विचारणं हा मान आहे, तो द्यायचाच. पण माहिती पानठेल्यावर, पिठाच्या चक्कीवर आणि आशाताईंकडे मिळते. दर जूनमध्ये ते पान नव्याने विचारून भरते, कारण गाड्या बदलतात. नवे समन्वयक म्हणतात, फॉर्म पाठवू या, लोक भरतील. फॉर्म भरला जातो, खरी अडचण त्यात येत नाही. त्या मुलीने कोणत्या रकान्यात "दव सुकल्यावर" लिहिलं असतं?

बाजाराच्या दिवसाचं वेगळं सांगते, कारण ही चूक दरवर्षी होते. नागपूर शहरात इतवारी, बुधवारी, शनिवारी ही आता वस्त्यांची नावं उरली आहेत. गावात मात्र बाजार म्हणजे आठवड्याचा कणा. त्या दिवशी मजुरीचा हप्ता मिळतो, आठवड्याचं तेल-मीठ येतं, आई बाजारात आणि मोठी मुलगी घरी. आसपासच्या पाच गावांचे पाच वेगळे वार असतात. ज्या गावात कार्यक्रम आहे त्याचा वार सगळे टाळतात, पण जिथून मुलं येणार त्या गावांचा वार कुणी बघत नाही.

उन्हाचं थोडक्यात. विदर्भात शाळा राज्यातल्या इतर भागांनंतर, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामागे कारण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांपुढे जातो. टिनाच्या शेडखाली दुपारी मुलं बसवू नका. सातला सुरू, दहाला घरी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, काहीच नको.

कलावंत मोकळे असतील असं धरून चालणं

जानेवारीत नाट्य शिबिर ठेवायचं आणि झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, नट बोलवायचा, हा प्रस्ताव माझ्यासमोर जवळजवळ दरवर्षी येतो. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात आणि त्यासोबत झाडीपट्टीचा हंगाम, तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथूनच तारखा ठरतात. नट रात्रभर रंगमंचावर असतो, पहाटे गाडीत झोपतो, संध्याकाळी पुढच्या गावात. त्याला सकाळी दहाला मुलांसमोर उभं करणं त्याच्यावरही अन्याय आणि मुलांवरही. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून शहरातून विचारणा वाढली आहे, हे चांगलंच आहे, पण विचारणाऱ्यांना हंगाम माहीत नसतो. मी नाटकवाल्यांना चैत्रात बोलावते. हंगाम संपलेला असतो, मृगाची धावपळ लागायची असते, माणूस निवांत शिकवतो.

खडीगंमत या इथल्या लोकनाट्याच्या शाहिरांचंही तसंच. आणि त्यांच्याकडे जाल तेव्हा एक पाळा. त्यांचं हाताने लिहिलेलं बाड स्कॅन करायला म्हणून नागपूरला घेऊन जाऊ नका. कितीही लवकर परत देणार असलात तरी नाही. तिथेच ओसरीवर बसा, उजेडात पानापानाचे फोटो काढा, बाड त्यांच्या हातात ठेवा आणि उठा.

मानधनाबद्दल माझं मत कडक आहे. कार्यक्रम संपला की त्याच दिवशी, पाकिटात, सही घेऊन. प्रवासखर्च वेगळा. एका वयस्कर ढोलकीवाल्या बाबांना आम्ही "बिल पास झालं की देतो" असं सांगितलं होतं. आधार कार्डावर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, म्हणून पैसे अडले. मी पाठपुरावा केला नाही आणि दोन महिने गेले. बाबांनी एकदाही फोन केला नाही. पुढच्या वर्षी बोलवायला गेले तेव्हा त्यांनी चहा पाजला, घरच्यांची विचारपूस केली आणि म्हणाले, "आता हात दुखते पोरी, दुसरा पाह्य एखादा." हात दुखत नव्हता. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात त्यांची ढोलकी मी ऐकली होती. आता कलावंत ठरला की त्याच दिवशी कागदपत्रं बघते आणि पाकीट आदल्या रात्री तयार ठेवते.

मातीकाम: घाई इथे लगेच दिसते

एका उन्हाळी शिबिराआधी एक तरुण समन्वयक म्हणाला, "ताई, माती विकत कशाला? चारही बाजूंनी मातीच तर आहे." मी होकार दिला, हे मला आजही सलतं. वावरातून काळी माती आणली, भिजवली, तीस मुलांनी बैल केले. लवकर वाळावेत म्हणून अंगणात उन्हात मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही बैल धड नव्हता. पाय सुटले होते, पाठीवर बोट जाईल एवढ्या भेगा. एका मुलाचा बैल वशिंडापाशी दोन तुकडे झाला होता. त्याने थुंकी लावून ते दाबून बघितले, चिकटेनात. दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि निघाला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

संध्याकाळी मी कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी एक तुकडा हातात फिरवला. "हे वावरातली माती होय ताई. हे पाणी पेते अन् फुगते, वाळली का फाटते." उन्हाळ्यात आपल्या वावरांना ज्या भेगा पडतात, तेच बैलात झालं होतं. कापसाला काळी माती मानवते ती पाणी धरून ठेवते म्हणून, आणि मूर्तीत ती फाटते तीही त्याचमुळे.

काका तलावाचा गाळ वापरतात. तो वाळवून, कुटून, चाळून भिजवतात, त्यात राख आणि बारीक रेती घालतात. प्रमाण विचारू नका, प्रत्येक खाणीच्या मातीला वेगळं लागतं. त्यांची परीक्षा मी उचलली आहे. मातीची बोटाएवढी वळी करायची आणि ती बोटाभोवती गुंडाळायची. बाहेरच्या बाजूला भेगा पडल्या तर माती तयार नाही. आता काका स्वतः येतात, त्यांची माती आणि त्यांचं दिवसाचं मानधन दोन्ही मी बजेटच्या पहिल्या ओळीत लिहिते.

बाकीचं सगळं वाळवण्यावर आहे. आपल्याकडच्या गरम वाऱ्यात बाहेरचा थर तासाभरात वाळून आखडतो, आतला ओलाच राहतो, आणि वस्तू तडकते. म्हणून सावली, वर ओलं गोणपाट, चार-पाच दिवस हळूहळू. जाडी अंगठ्याएवढीच, पोट पोकळ. पाय नुसते दाबून चिकटवू देऊ नका. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. भट्टीत घालण्याआधी वस्तू गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. ती वाफ होऊन भट्टीत वस्तू फोडते, आणि शेजारच्या चार वस्तूंनाही घेऊन जाते.

यावर मला नेहमी विचारलं जातं की एका दिवसात मातीकाम होईल का. नाही होत. एक दिवस असेल तर कागदकाम घ्या. फटाफट सुकणाऱ्या तयार मातीची पाकिटं आणून मुलांच्या हातात देण्याला मी मातीकाम म्हणत नाही.

आणखी काही, भरभर

वारलीची कार्यशाळा सगळीकडे असते. वारली पालघर-डहाणूकडची. जरूर शिकवा, पण आपल्या दारी पोळ्याचं तोरण आहे, मारबतीचे पुतळे आहेत, तान्हा पोळ्याला मुलं मिरवतात ते लाकडी बैल आहेत. सुताराला मात्र आखाडीलाच, म्हणजे आषाढातच, गाठा. पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस त्याला मान वर करायला वेळ नसतो.

मोबाईलवर गाणं लावून नाच बसवणं हे शिकवणं नाही.

मुलींचा वर्ग शेवटच्या एसटीच्या तासभर आधी संपलाच पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला आणि एक मुलगी अंधारात घरी पोचली, तर पुढच्या आठवड्यात त्या गल्लीतल्या चार मुली येत नाहीत, आणि त्यांच्या आईबापांचं काही चुकत नाही.

समारोपासाठी शिबिराचे शेवटचे दोन दिवस खर्ची घालू नका. पाहुणे, शाल, श्रीफळ, स्वागतगीताची तालीम यात मुलांचं अर्धं काम अपुरं राहतं. माझ्याकडे समारोप म्हणजे मुलांनी केलेल्या वस्तू भिंतीशी मांडायच्या, आयांना बोलवायचं आणि मुलांनीच दाखवायचं. भाषण नाही.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

ढोलकी कूलरसमोर ठेवू नका. ओलसर हवेने कातडं सैल पडतं आणि बाबांनी अर्धा तास खपून लावलेला सूर दहा मिनिटांत उतरतो. गोष्ट सांगण्याच्या वर्गात तर कूलर बंदच ठेवा, मागच्या ओळीतल्या मुलांना ऐकू जात नाही आणि ती तसं सांगत नाहीत. मागे जाऊन बसा, म्हणजे कळेल.