दिवेआगरच्या घरातलं पश्चिमेच्या खिडकीचं पाणी अखेर थांबलं

वारा समुद्राकडून सुटला की बंद स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीवरून पाणी आत ओसंडायचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कौलं बदलली, तरी हे तसंच. ताडपत्री बांधली, ती फाटली. बाहेरून सिलिकॉन भरलं, तर पाणी वाढलंच. फुगलेला दिवाण बघून दरवर्षी जीव तुटायचा.

खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. निम्मी वाळूनं बुजलेली, उरलेली माझ्याच सिलिकॉननं!

मे महिन्यात आधी पल्ले वर उचलून काढले. ट्रॅकमधली वाळू ब्रशनं खरवडली, गोड्या पाण्यानं मीठ धुतलं. ब्लेडनं सिलिकॉन सोलून भोकं तारेनं मोकळी केली. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर धार लागली, तेव्हाच पुढे गेलो. चौकट दोन दिवस सुकू दिली आणि नवं सिलिकॉन फक्त वर आणि दोन्ही बाजूंना भरलं. तळाला अजिबात नाही.

वादळाचा इशारा आला तर बाहेरून 12 मिमी प्लायवूड लावतो; त्याचे बोल्ट भिंतीत आधीच बसवून ठेवलेत.