पिल्लाची चोच कात्रीसारखी झाली तर

मनोरीला आमच्या परसात पंधरा-वीस गावठी कोंबड्या असतात. गेल्या पावसाळ्यात एका पिल्लाची वरची चोच डावीकडे आणि खालची उजवीकडे जायला लागली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते कणी टिपायचं आणि कणी तोंडातून घरंगळायची. सासूबाई म्हणाल्या, ग्रहणाचं. मी म्हटलं, आधी आईबाप बघू.

पण आईबापांवर संशय घेण्याआधी बाकीची कारणं तपासा. अंडी मशीनमध्ये उबवली असतील तर तापमान कमीजास्त झालं का? पिल्लू कुठे आपटलं का? खाण्यात जीवनसत्त्वं कमी पडली का? बाजारातून आणलेल्या फार्मच्या कोंबडीची चोच आखूड दिसली तर ती बहुधा लहानपणी कापलेली असते, तो वारसा नव्हे.

खरी परीक्षा रवणीची, म्हणजे अंडी उबवायला बसवण्याची. त्याच जोडीची अंडी परत बसवा, खाद्य चांगलं द्या. पुन्हा वाकडी चोच निघाली तर संशय रक्तावर. हा एकाच जनुकाचा सरळ हिशोब नसतो. चीनच्या बीजिंग-यू जातीत या दोषावर जनुकीय अभ्यास झालेत. दोष लपवून वाहणारे आईबाप स्वतः सरळ चोचीचे असू शकतात. आमचा कोंबडा त्या पिल्लाच्या आईचाच मुलगा निघाला, म्हणजे दोन्हीकडे एकच रक्त! तो बदलला, शेजारच्या पाड्यातून दुसरा आणला.

त्या पिल्लाला खोल वाटीत भिजवलेलं खाद्य ठेवते, वाढलेलं टोक नखांच्या फाइलने थोडंथोडं घासते. आत जिवंत भाग असतो, रक्त येतं, म्हणून कात्री नको. त्याची अंडी मात्र रवणीला नाही, थेट आमलेटला.