एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) बाळाचं दुखणं मोजताना या चुका टाळा

मेळघाटातून 108 च्या गाडीनं आलेलं 30 आठवड्यांचं बाळ. वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या पाळण्यावर) घेतलं, शुगर बघायला टाच टोचली. रडलं नाही, हातपायही झाडले नाहीत. चार्टवर शून्य लिहिला आणि पुढचं बाळ. सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात घातक चूक हीच.

अपुऱ्या दिवसांच्या, प्रवासानं दमलेल्या लेकराच्या अंगात रडायचीही ताकद नसते. दुखतं मात्र त्याला पुरेपूर. निप्स (चेहरा, रडणं, श्वास, हातपाय आणि जागेपण बघून वेदनेला गुण देणारी मोजपट्टी) लावलं तर चेहऱ्याचा 1, श्वासाचा फार तर 1, म्हणजे 7 पैकी 2. तीनच्या वर गेल्याशिवाय कोणी दखल घेत नाही, विषय संपला.

त्याच बाळाला पिप-आर लावा, म्हणजे ठोके, ऑक्सिजन, चेहरा, आठवडे आणि झोप धरून मोजणारी दुसरी मोजपट्टी. ठोके 142 वरून 168, वाढ 26, गुण 3. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 94 वरून 88, गुण 2. टोचल्यानंतरच्या 30 सेकंदांत भुवया 12 सेकंद आक्रसल्या, 2. डोळे 5 सेकंद घट्ट मिटले, 1. नाकाशेजारची घडी पडली नाही, 0. झाले 8. त्यात 30 आठवड्यांचे 2 मिळवा. टोचण्याआधी बाळ गाढ झोपेत होतं, त्याचे 3. एकूण 13. बाराच्या वर म्हणजे तीव्र वेदना.

झोपेचे गुण नवे लोक हमखास उलटे लावतात, 'झोपलंय ना, मग शून्य'. झोपलेलं आणि कमी दिवसांचं बाळ प्रतिसादच कमी देतं, ती तूट भरायलाच हे गुण ठेवलेत. पहिल्या पाचांची बेरीज शून्य आली तरच हे दोन्ही जोडायचे नाहीत.

आधीचे ठोके टोचण्यापूर्वी, बाळाला हात न लावता, 15 सेकंद बघून लिहा. पाय धरल्यावर लिहिलेला आकडा कामाचा नाही. एकीनं टोचावं, दुसरीनं फक्त चेहरा बघावा. रात्रपाळीला माणसं कमी असतात हे खरं, पण शेजारच्या सिस्टरला मिनिटभर बोलावता येतं. अंदाजानं चार्ट भरण्यापेक्षा ते कधीही बरं.

दुसरी चूक घाईची. वेदना कमी करायला 24 टक्के सुक्रोज (साखरेचं पाणी) तोंडात टाकलं की लगेच सुई. त्याचा असर व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढं थांबायलाच हवं. डॉक्टरांनी सांगितलेला डोस 1 मिलीच्या सिरिंजनं जिभेच्या टोकावर थेंब थेंब द्या. नळीतून पोटात सोडलं तर वेदनेवर काहीच उपयोग होत नाही, कारण काम चवीचं आहे. काम लांबलं तर पाच-सात मिनिटांत असर ओसरतो, हेही ध्यानात ठेवा.

टाच दाबून दाबून रक्त काढू नका, पिळणं टोचण्याइतकंच दुखतं. जास्त रक्त लागणार असेल तर सरळ शिरेतून घ्या.

गार्डिनल (झटक्यांवरचं, गुंगी आणणारं औषध) चालू असलेल्या किंवा स्नायू शिथिल करणारं औषध दिलेल्या बाळाच्या चेहऱ्यावर विसंबू नका.

चिकटपट्टी ओढून काढू नका, भिजवून सोडवा. डोळ्यांच्या आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा आजार) तपासणीलाही गुण लिहा, ती फार दुखते.

माय सिझेरियनमुळे तालुक्यालाच राहिली असेल तर आजी किंवा बाप कांगारू (बाळाला उघड्या छातीशी धरणं) देऊ शकतात. बाळ स्थिर असेल तर टोचण्याआधीच छातीशी द्या आणि तिथंच टाच टोचा. नाहीतर दुसऱ्या सिस्टरनं दोन्ही हातांनी बाळाचे हातपाय पोटाशी दुमडून धरावेत, आणि वेदनेचे गुण खाली येईपर्यंत सोडू नयेत.