डार्क फोटॉनचा उंचवटा लॅपटॉपवर कसा शोधायचा

आपल्या इकडं तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करून राहिलेल्या पोरापोरींसाठी लिहितो. मशीन आपल्यापाशी नाही, पण शोधायची रीत गावात बसून पूर्ण शिकता येते, जुना लॅपटॉप आन पायथॉन पुरे, तेही नसन तर मोबाइलवर गुगल कोलॅब चालते.

डार्क फोटॉन म्हणजे प्रकाशाच्या फोटॉनसारखा, पण सध्या फक्त कागदावरचा कण, अजून कोणाला सापडला नाही. बॉब होल्डम या भौतिकशास्त्रज्ञानं 1986 मध्ये मांडलं का असा कण आपल्या नेहमीच्या फोटॉनमध्ये जरासा मिसळलेला असू शकते, किती मिसळला त्याले एप्सिलॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनचा बीम टंगस्टन नाहीतर टँटलमच्या पातळ पत्र्यावर मारला का तो निघू शकते आन तुटून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी देते.

आधी जोडीवरून कणाचं वस्तुमान काढायला शिका, कण खरंच असन तर आलेखात त्या वस्तुमानापाशी जोड्या जास्त दिसतीन, तोच उंचवटा. इलेक्ट्रॉन आन पॉझिट्रॉन दोघांच्या ऊर्जांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, गुणिले 2, गुणिले मधल्या कोनाच्या निम्म्याचा साइन. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या अ‍ॅपेक्स या प्रयोगाची 2010 ची चाचणी घ्या, बीम 2.26 जीईव्ही (ऊर्जेचं एकक, 1 जीईव्ही म्हणजे 1000 एमईव्ही), कण मोजणारे स्पेक्ट्रोमीटर दोन्ही बाजूंनी 5-5 अंशावर, दोघांना 1.13 जीईव्ही धरले तर 197 एमईव्ही येते. वहीवर करून पाहाच.

आता खोटा डेटा बनवा. 175 ते 250 एमईव्ही, 1-1 चे खाने, प्रत्येकात 10,000 च्या आसपास जोड्या, पॉयसन रँडमनं, म्हणजे मोजणीत आपोआप येणारा चढउतार येते. एका खान्यात 600 जास्तीच्या टाका. मग तो खाना सोडून बाकीच्यावर तिसऱ्या घाताचा पॉलिनॉमियल बसवा, एक्समधून (म्हणजे वस्तुमानातून) आधी 212 वजा करा नाहीतर फिट बिघडते. 10,000 चं वर्गमूळ 100, योगायोगाचा एवढा चढउतार म्हणजे 1 सिग्मा, म्हणून 600 हे 6 सिग्मा. लाइटीचा भरवसा नाही, फाइल सेव्ह करत जा.

खरी परीक्षा पुढं आहे. खरा उंचवटा कुठं आहे ते ठाऊक नसते, सगळे 75 खाने तपासावे लागतात, आन मग 2 सिग्मा कुठंतरी नुसत्या योगायोगानंही दिसते, म्हणून 5 सिग्माशिवाय कोणी शोध म्हणत नाही. फिट कोणता वापरायचा ते डेटा पाहायच्या आधीच ठरवा, पाहून बदलला तर ते शोधणं नाही राहत.

हे जमलं का एप्सिलॉन निम्मा करा. सिग्नल वर्गानं घटते, 600 चे 150 उरतात, 1.5 सिग्मा, आन परत 6 वर न्यायला 16 पट डेटा लागते.